फक्कीच्या रेघेच्या आत

रिहे गावातल्या आमच्या मैदानातून रोज सकाळी दगड वेचावे लागत. वेचलेले दगड आम्ही आंब्याखाली टाकत असू. तो ढीग कधी वाढला, हे कुणाच्या लक्षातही आले नाही. आमच्या क्लबातल्या किश्श्यांचे नेमके तसेच झाले आहे. परवा लवळ्याच्या एका कॅन्टीनमध्ये आम्ही चार-पाच जण बसलो होतो. एकाने आठवण काढली की दुसरी तिच्या मागे उभीच. चहा तीनदा आला. शेवटी रेश्मा म्हणाली, "मास्तर, हे तुम्ही लिहून काढा. आम्ही सांगितलं की लोक म्हणतात, पोरी थापा मारतात."

रेश्मा आमची कॅप्टन. क्लब महिलांचा, फुटबॉलचा, आणि व्यावसायिक. म्हणजे मुलींना खेळण्याचा पगार मिळे. मिळे म्हणजे, मिळायचा असे. ज्या उद्योजकाने क्लब काढला, त्याने दुसऱ्याच वर्षी अंग काढून घेतले. त्यानंतरची सगळी वर्षे प्रशिक्षक मेघनामॅडम यांनी केवळ जिद्दीवर ओढली. मी उरवड्याच्या कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालो होतो. वाचनाची आवड आणि वळणदार अक्षर, एवढ्या भांडवलावर क्लबाची पत्रे लिहिणे व सामन्यांचे निवेदन करणे ही दोन कामे माझ्याकडे आली. आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवले नसताना सगळे मला मास्तर म्हणू लागले, तेही तिथेच.

* * *

ध्वनिक्षेपकावरून शुद्ध मराठीतच बोलायचे, असा माझा नियम होता. एका सामन्यात रेश्माचा पाय मुरगळला. मॅडमनी तिला बाहेर घेऊन दुसरी मुलगी आत पाठवली. मी घोषणा केली, "कुमारी रेश्मा या निवृत्त होत असून त्यांचे स्थान कुमारी अश्विनी घेत आहेत."

दोनच मिनिटांत रेश्माची आई पदर खोचून माझ्या टेबलापाशी हजर. पगार थकलेले दिवस, त्यात ही घोषणा.

"अवो मास्तर, बावीस वर्साच्या पोरीला रिटायर कसं काय करताय? तीन म्हैन्यांचा पगार तर द्या आदी!"

मी त्यांना शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मग पाय मुरगळला म्हना की. त्यात लाजायचं काय?"

पुढच्या सामन्यापासून मी 'बदली खेळाडू' म्हणू लागलो.

* * *

मदतीसाठी कारखान्यांना पत्रे लिहिण्याचे काम माझे. एका मोठ्या कंपनीला मी दोन पानी पत्र लिहिले. शेवटचे वाक्य मला अजूनही आवडते : "आपण या होतकरू कन्यांच्या शिरावर आपले कृपाछत्र धरावे, ही नम्र विनंती."

तिथले मॅनेजर परप्रांतीय होते. पत्र त्यांनी मोबाइलवरून भाषांतर करून घेतले असावे. आठवड्याने कंपनीचा टेम्पो मैदानावर आला. त्यातून पंचवीस छत्र्या उतरल्या. निळ्या, कंपनीचे नाव छापलेल्या.

मॅडमनी एक छत्री उघडली, मिटली. मग म्हणाल्या, "मास्तर, पुढच्या पत्रात मदतीचा हात मागू नका."

* * *

मैदान म्हणजे यशोदाआक्कांची भाताची चार खाचरे, एक करून सपाट केलेली. मैदानाचे भाडे त्या नावापुरतेच घेत. दर सामन्याला बांधाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत. एकदा त्यांनी मला विचारले, "मास्तर, ती हातात मोजं घातलेली पोरगी का पळत न्हाई?"

ती चंदा, आमची गोलकीपर. डोंगरावरच्या वाडीतली, मितभाषी मुलगी. मी सांगितले, "तिने पळायचे नसते. तिने चेंडू आत येऊ द्यायचा नसतो."

"म्हंजी राखण करती."

"हो. राखणच."

"मग तिला पगार जादा आसंल."

मी म्हणालो, सर्वांना सारखाच, आणि सध्या कुणालाच नाही. आक्कांना ते अजिबात पटले नाही. "आमच्यात रानाची राखण करनाऱ्याचं धान आदी काढून ठेवत्यात. मग बाकीच्यांचं."

सुगी झाल्यावर इंद्रायणी तांदळाचे एक पोते आक्कांच्या घरून थेट गोलपोस्टपाशी येऊन पडले. चंदाने ते खोलीवर नेले आणि बाकीच्या मुलींना सांगितले, "राखणीचं हाय. खायचं आसंल तर मागं माझ्याकडं पास कमी टाका."

त्या महिन्यात सगळ्याच जणी तिचे ऐकत होत्या.

* * *

एकदा बसवाल्याने ऐन वेळी नकार दिला. सामना शहरात. मॅडमनी कुठून तरी एक मिनीबस मिळवली. ती आदल्या दिवशी वऱ्हाड घेऊन गेली होती. पुढच्या काचेवर झेंडूच्या माळा तशाच, बाजूला 'शुभविवाह' लिहिलेला फलक. काढायला वेळ नव्हता.

शहरातल्या मैदानाच्या फाटकातून आमची ही बस आत शिरली. समोरच्या संघातल्या मुली चकचकीत ट्रॅकसूट घालून उभ्या होत्या. त्यांच्यातली एक मोठ्याने म्हणाली, "अय्या, नवरी कोण आहे गं?"

रेश्मा पायरीवरून उतरता उतरता म्हणाली, "ते संध्याकाळी ठरंल. ज्या हरतील त्यांची पाठवणी."

तो सामना आम्ही जिंकलो. परतताना बस थांबवून रेश्माने त्या मुलींना काचेवरची एक माळ नेऊन दिली.

* * *

पगार थकून चौथा महिना लागला, तेव्हा मॅडमनी सर्वांना गोलात बसवले. कुणावर बंधन नाही, ज्यांना जायचे त्यांनी मोकळेपणाने जावे, असे त्या म्हणाल्या.

रेश्मा म्हणाली, "मॅडम, जायला पण गाडीभाडं लागतं."

सगळ्या हसल्या. चंदा हसली नाही. ती इतकेच म्हणाली, "मी वाडीवर गेले तर या म्हैन्यात लगीन लावत्यात. मला हितंच ऱ्हाऊ द्या. पगाराचं मागनं बगू."

* * *

आता शेवटची गोष्ट. त्याआधी दोन बाबी स्पष्ट करतो. लीगचा नियम असा, की ज्या संघाला स्वतःचे मैदान नाही त्याचे नाव यादीतून जाते. दुसरीकडचे भाडे आम्हाला झेपणारे नव्हते. म्हणजे खाचरे गेली की क्लब गेला. आणि आक्कांच्या मुलांनी ती खाचरे बंगल्यांच्या प्लॉटसाठी द्यायचे ठरवले होते. आक्का हो म्हणाल्या नव्हत्या. नाहीही म्हणाल्या नव्हत्या.

जमिनीच्या मोजणीची तारीख नेमकी आमच्या सामन्याच्या दिवशी आली. थंडीचे दिवस होते. साडेतीनला सरकारी मोजणीदार यंत्राची तिपाई खांद्यावर घेऊन आले. सोबत आक्कांचा धाकटा मुलगा सुनील. सामना नुकताच सुरू झाला होता.

"आक्का, आत जाऊन चार खुणा घ्यायच्यात," मोजणीदार म्हणाले.

"घ्या की," आक्का म्हणाल्या. "पर ही पांढरी फक्कीची रेघ दिसती न्हवं? पोरी हिच्या आत हायेत तवर कुणी आत जायाचं न्हाई. तसा कायदाच हाय त्यांचा. इचारा मास्तरांना."

कायदा तसाच आहे, असे मी सांगितले. मोजणीदार भला माणूस होता. तो आंब्याखाली बसला. सुनीलने मला विचारले, "संपंल कधी?"

"पाच वाजता," मी म्हणालो.

"पाचला संपलं तर उरकतं," मोजणीदार म्हणाले. "उजेड गेला की मात्र आज मोजणी नाही. मग नवी तारीख, आणि ती लागायला चार महिने जातात."

चार महिन्यांत आमची लीग पूर्ण होत होती. रेश्मा त्या वेळी आमच्या अगदी समोर, डोक्यावर चेंडू धरून थ्रो घ्यायला उभी होती. तो थ्रो तिने जरा उशिराच टाकला.

पाचला शिट्टी झाली. बरोबरी झाली होती. मी सामना समाप्त झाल्याचे जाहीर केले व सर्वांचे आभार मानले. पाहुण्या मुली हात मिळवून बसमध्ये बसल्या. रेफरी गेले. आमच्या अकरा जणी बाहेर आल्याच नाहीत. रेश्माने चेंडू अश्विनीकडे दिला, अश्विनीने चंदाकडे, चंदाने लांब मारून पुन्हा रेश्माकडे. मॅडम रेघेबाहेर उभ्या होत्या. त्यांनी एकदा मोजणीदारांकडे पाहिले, एकदा मुलींकडे. मग शिट्टी खिशात टाकली आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी त्याही आत गेल्या. त्यांच्या मागोमाग राखीव मुली, एकेक करून.

"आई," सुनील म्हणाला, "मॅच संपली की. मास्तरांनी माइकवर सांगितलं."

"पोरी आत हायेत," आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी मोजणीदारांसाठी घरून चहा मागवला. तो झाल्यावर पोहे मागवले.

सूर्य डोंगराआड गेला. आत चेंडू दिसेनासा होऊ लागला. नुसता आवाज येत होता. मोजणीदारांनी वर आभाळाकडे पाहिले, नकाशाची घडी केली आणि तिपाई मिटली.

"आक्का," त्यांनी विचारले, "ह्यांचा खेळ संपतो तरी कधी?"

चार वर्षांत एकही सामना न चुकवलेल्या यशोदाआक्कांनी पदर सारखा केला.

"मला बाईमानसाला फुटबॉलमधलं काय कळतंय, सायेब?"