दोघींचा अभ्यास

तांदळाच्या डब्यातल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला की मला विक्रोळीची आमची खोली आठवते. बारावीच्या सहामाहीत मी गणितात नापास झाले, कारण रोजची संध्याकाळ मोबाइलवर रील्स बघण्यातच जायची. आई ओरडली नाही. तिने स्वतःचा मोबाइल त्या डब्यात ठेवला आणि माझ्यापुढे हात केला. "नऊ वाजेपर्यंत दोघींचे आत." मी चिडून म्हटलं, "मग तू काय करणार गं तोपर्यंत?" तिने पिशवीतून दहावीचं गणिताचं पुस्तक काढलं आणि लाजत म्हणाली, "सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. बाहेरून परीक्षेला बसतेय." मी मोबाइल दिला आणि वही उघडली. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन निकाल लागले, आणि गणितात तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले हे ती अजून सगळ्यांना सांगते.