नावापुढचं लंडन

वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी पहिल्या भेटीत आपलं गाव ‘डेरी’ सांगितलं, तेव्हा मी विचारलं होतं, दुधाची का? जर्मनीत एर्लांगेनला पीएचडीसाठी येऊन मला जेमतेम महिना झाला होता. आजोबा खोखो हसले आणि पावाच्या कागदी पिशवीवर त्यांनी नकाशा काढला. मधून नदी, काठावरच्या टेकडीवर तटबंदीचं गाव आणि तटाखाली, दलदलीच्या जागेत, त्यांची कॅथलिक वस्ती. आयर्लंडचा तो कोपरा फाळणीत ब्रिटनकडे राहिला. मी म्हटलं, म्हणजे तुम्हीही गावकुसाबाहेरचेच.

डेरी म्हणजे ओकची राई. लंडनच्या व्यापाऱ्यांनी तिथे तट बांधला आणि नावापुढे आपलं शहर लावून लंडनडेरी करून टाकलं. रस्त्यांवरच्या पाट्यांवरचं ‘लंडन’ कोणीतरी काळ्या रंगानं पुसायचं, सरकार पुन्हा लिहायचं. माणूस गावाला काय म्हणतो यावरून तो कोणाचा ते कळतं. आडनाव ऐकून जात ताडणाऱ्या मुलखातून मी आलेली, मला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

माझे बाबा विद्यापीठाच्या नामांतरासाठी तुरुंगात जाऊन आलेले. मागितलं नामांतर, मिळाला नामविस्तार, ही खंत त्यांना अजून आहे. मी आजोबांना ते सांगितलं आणि म्हटलं, तुमच्या गावाचाही नामविस्तारच झाला की. या वेळी ते हसले नाहीत.

“बाबांना सांग,” ते म्हणाले, “डेरीचा एक माणूस तुम्हाला ओळखतो.”

तेव्हापासून बाबा दर फोनवर डेरीच्या आजोबांची चौकशी करत.

अडीच वर्षांनी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. इथे त्यांचं कोणीच नव्हतं, म्हणून वृद्धाश्रमाचा फॉर्म मी भरला. ‘गेबुर्ट्सऑर्ट’ म्हणजे जन्मस्थळ, त्या रकान्यापाशी मी त्यांचा जन्मदाखला काढला. त्यावर लंडनडेरी होतं. मी तेच उतरवलं. आमच्या घरची शिकवणच तशी, कागदावर असेल तेच लिहायचं. शाळेच्या दाखल्यातल्या एका वेलांटीपायी माझ्या भावाची जातपडताळणी अडकली होती आणि त्याचं अख्खं वर्ष गेलं होतं. म्हणून मी स्पेलिंग दोनदा तपासलं आणि स्वतःवर खूषही झाले.

आश्रमानं त्या फॉर्मवरून एक कार्ड बनवलं आणि त्यांच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर लावलं. फोटो, नाव आणि खाली ठळक अक्षरांत लंडनडेरी. आजोबा डाव्या हातानं ते ओरबाडायचे. दोन कार्डं फाटली. नर्स म्हणाली, “डिमेन्शिया असेल, असं करतात ही माणसं.” मलाही ते पटलं. लहान मुलाला दटावावं तसं मी त्यांना दटावलं आणि तिसरं कार्ड लॅमिनेट करून आणलं. आता ओरबाडा, असंही वर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग डोळे मिटून घेतले. दमले असतील असं वाटून मी सायकल काढून लॅबला गेले.

यंदा मार्चमध्ये आजोबा गेले. नर्सनं त्यांच्या वस्तू एका पिशवीत भरून दिल्या. चष्मा, रेझर, दोन स्वेटर आणि ते कार्ड. बसमध्ये मी ते नीट पाहिलं. प्लॅस्टिकवर नखांचे ओरखडे होते, सगळे एकाच जागी, ‘लंडन’वर. पुढच्या ‘डेरी’ला एकही ओरखडा नव्हता. मला रडू आवरेना. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं तर समजण्यासारखं होतं. मला कळायला हवं होतं.

रविवारी बाबांचा फोन आला. नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, डेरीचे आजोबा कसे आहेत? गेले, असं मी सांगितलं. बाबा म्हणाले, “शेवटी तू होतीस जवळ, बरं झालं.”

मी हो म्हटलं. कार्डाचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.