साबणाच्या डबीतला आवाज

जगातली कुठलीही बिघडलेली वस्तू उघडली की दुरुस्त होते, असा माझा त्या वयात समज होता. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होते. घरातली घड्याळं, शेजाऱ्यांचे टेपरेकॉर्डर, मंदिराचा भोंगा, काही म्हणून माझ्या तावडीतून सुटलं नव्हतं. त्याच वर्षी आमच्या आप्पांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं आणि गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक ठेवलं. आई त्यावर मलमलचा रुमाल बांधायची. छातीतला वारा आता तोंडापर्यंत पोचतच नव्हता, त्यामुळे साधी कुजबुजही उरली नाही. ओठ हलायचे, जीभ हलायची, बाकी काही नाही.

आम्ही नाशकात पंचवटीत राहायचो, पण आप्पांचं खरं घर पिंपळगावचा बाजार. तिथे ते कांद्याचे लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या, शेतकरी आपापल्या मालावर चढलेला, आणि आप्पा व्यापाऱ्यांचा घोळका मागे घेऊन एकेका ट्रॉलीपुढून भाव चढवत निघालेले. मी लहानपणी बघितलंय ते. घरी फारसं न बोलणारा हा माणूस तिथे असा काही सुटायचा की मला तो दुसऱ्याच कुणाचा तरी बाप वाटायचा.

ऑपरेशननंतर बाजारातले एक मोठे अडते भेटायला आले. जाताना म्हणाले, "आप्पा, आवाज आला की या. तुमची जागा तुमचीच हाय." मला चीड आली. आवाज काय सर्दीने बसला होता, परत यायला? पण आप्पांनी ते वाक्य उराशी धरलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते दाढी करून, टोपी घालून खुर्चीत बसायचे आणि बाजार सुटायच्या वेळेला टोपी काढायचे. ते बघवत नव्हतं. मीच काहीतरी करायचं ठरवलं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की परदेशात एक यंत्र मिळतं. ते गळ्याला टेकवायचं, ते थरथरतं, ती थरथर तोंडात घुमते आणि ओठ-जीभ तिचे शब्द करतात. एवढं मला पुरे होतं. मेन रोडच्या मागच्या गल्लीत सुट्या भागांचं एक दुकान होतं. तिथला मालक मला दर वेळी विचारायचा, "भावाने काय लिहून दिलंय?" मला भाऊ नाही, हे मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. त्या दिवशी मात्र वाद न घालता टायमरचा आयसी, दोनचार रेझिस्टर, एक दाबायचं बटण, एक फिरवायचं बटण आणि खेळण्यातला असतो तेवढा स्पीकर घेऊन आले. स्पीकरच्या पडद्यावर मधोमध शर्टाचं बटण चिकटवलं, म्हणजे थरथर थेट गळ्यात उतरेल. चार पेन्सिल सेल घातले. सगळं बसवायला साबणाची डबी घेतली, कारण आम्हा हौशी लोकांचा मुख्य कारखाना म्हणजे साबणाची डबी.

डबी गळ्यावर कुठे टेकवायची हे सापडायलाच आठवडे गेले. ऑपरेशननंतर किरणांचा शेक दिल्यामुळे गळा लाकडासारखा कडक झाला होता. शेवटी हनुवटीखाली डाव्या बाजूला एक मऊ जागा मिळाली. आप्पांनी अंगठ्याने बटण दाबलं आणि भुंग्यासारखा एक सपाट आवाज म्हणाला, "पाणी दे." आई ओट्यापाशी होती. ती पाणी घेऊन आली, भांडं खाली ठेवलं आणि आत जाऊन रडली. मी रडले नाही. मी इतकी खूश होते की रडायचं सुचलंच नाही.

मग त्या डबीचे मी किती लाड केले. आवाज मोठा केला. चढउतारासाठी ते फिरवायचं बटण बाहेर काढलं. सगळ्यांत मोठा गुण मला हा वाटायचा की या आवाजाला दम लागत नाही. बटण दाबून धरलं की बोलत राहा हवं तितकं. आप्पांनाही त्याची गंमत वाटायची. ते खुर्चीत बसून एका दमात भाव पुकारत सुटायचे, शंभरापासून वर, आणि शेवटी माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. त्यांना इतकं खुशीत मी आजारपणाआधीही पाहिलं नव्हतं.

उन्हाळ कांदा सुरू झाला तेव्हा आम्ही दोघं पिंपळगावला गेलो. लोकांनी प्रेमाने घेतलं, खोटं का बोला. कुणी हसलं नाही. आप्पा पहिल्या ट्रॉलीपुढे उभे राहिले, एका हाताने कांदा उचलला, दुसऱ्या हाताने डबी गळ्याला लावली आणि पुकारा सुरू केला. आवाज शेवटच्या माणसापर्यंत जात होता. भाव चढत होता, म्हणजे आप्पा चढवत होते. व्यापारी नुसते बघत उभे होते. मग कुणाचीच बोली येईना म्हणून आकडा खालीच एका जागी अडला, आणि आप्पांनी नाइलाजाने एकवार, दोनवार, तीनवार केलं. ट्रॉलीवरचा शेतकरी खाली उतरला. "ह्या भावात मी नाय देनार. माज्या मालाला कुनी बोललंच नाय," तो म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. शेजारच्या रांगेत दुसऱ्या पुकाऱ्याकडे त्याहून हलका माल चढ्या भावाने गेला होता.

आप्पांनी व्यापाऱ्यांकडे बघितलं. त्यातला एक जुना, आप्पांच्याच वयाचा, खाली मान घालून म्हणाला, "आप्पा, तुमी थांबतच नाय. आमी बोलायचं कवा?"

तेव्हा मला कळलं. लिलावात पुकारणारा श्वास घेतो, तेवढ्यात व्यापारी बोली घालतो. बोट हलवतो, नाहीतर हळूच आकडा टाकतो. ती श्वासाची फट हाच सगळा बाजार. आप्पा जन्मभर तीच फट राखत आले होते आणि त्यांनाही ते ठाऊक नव्हतं, कारण श्वास काही कुणी ठरवून घेत नाही. आता त्यांचा श्वास गळ्याच्या भोकातून, रुमालाखालून गुपचूप चालला होता आणि वर माझा यंत्राचा आवाज अखंड.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आप्पा, सोपं आहे, मधे मधे अंगठा उचला." सांगायला काय जातं. अंगठ्याकडे लक्ष दिलं की त्यांचा आकडा चुके आणि आकड्यात रंगले की अंगठा राही तिथेच. गळ्याच्या भोकाजवळ श्वास ओळखणारं काहीतरी बसवावं असंही मनात आलं. पण तिथे नुसता रुमाल सरकला तरी त्यांना ठसका लागायचा. शेवटी मी आणखी एक टायमर लावला. आवाज थोडा वेळ चाले, मग आपोआप बंद पडे, मग पुन्हा सुरू. यंत्राला श्वास दिला म्हणून मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या खेपेला व्यापारी शहाण्या मुलांसारखे वाट बघत उभे राहिले. पण माझा श्वास घड्याळाचा. तो आकड्याच्या मधेच यायचा. आप्पांचे ओठ चालू, आवाज बंद. व्यापारी बोलायला जावा तर आवाज मधेच सुरू. दोघांनी एकदम बोलायचं, दोघांनी एकदम थांबायचं. वर कांद्याची सालं उडत होती, ती रुमालात शिरून आप्पा खोकायला लागले. तिसऱ्या ट्रॉलीपाशी त्यांनी डबी खिशात घातली आणि शेजारी उभ्या असलेल्या नव्या पुकाऱ्याला हाताने खूण केली, तू घे. त्याने घेतलं. आप्पा त्याच्या मागे रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले. परतीच्या एसटीत मी त्यांना समजावत होते की काय काय बदलता येईल. ते खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर मी डबीला हात लावायचं म्हटलं की ते हातानेच नको म्हणायचे. घरात गरजेपुरती वापरायचे, आईला चहा सांगायला, दारात कुणी आलं तर. टोपी खुंटीवर गेली ती गेलीच. मला नोकरी लागली, पुढे मी ती सोडून मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. सायबर कॅफेत बसून मी रात्रंदिवस नवी यंत्रं बघत असायचे. तिथेच एकदा परदेशी बनावटीचं गळ्याचं यंत्र दिसलं, बोटभर लांबीचं, चकचकीत. चित्र छापून घरी नेलं. आप्पांनी ते नीट पाहिलं, अंगठा दाबून धरल्यासारखा केला आणि माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं. मी सांगितलं, "हो, हेही तसंच, थांबत नाही." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की आप्पा चहासुद्धा बोटानेच सांगतायत. डबी उघडून पाहिली तर आत सेल नव्हते. ते त्यांच्या उशाशी असलेल्या छोट्या रेडिओत होते. रेडिओवर रोज बाजारभाव सांगायचे, लासलगाव इतका, पिंपळगाव इतका. सांगणारी बाई प्रत्येक गावानंतर श्वास घ्यायची, आणि तेवढ्यात आप्पांचं बोट चादरीवर हलायचं. मी घराखालच्या दुकानातून नवे सेल आणले आणि साबणाच्या डबीशेजारी ठेवले. रेडिओतले संपल्यावर त्यांनी ते नवेही रेडिओतच घातले.