दोन गळ्यांमधली गिटार

आमचे हे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते आणि रजा टाकून रेकॉर्डिंगला जात. एक गायक आणि एक गायिका, त्या काळी गाजलेली जोडी. त्यांच्या द्वंद्वगीतांत स्टील गिटार यांची. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात स्टीलचा रॉड. तो तारांवरून सरकला की सूर माणसासारखा कळवळायचा. गायकाचं गाऊन संपलं आणि गायिकेचं अजून सुरू व्हायचंय, तेवढ्यात यांनी काय ते बोलून घ्यायचं. रेकॉर्डच्या पाकिटावर यांचं नाव कधीच नसे. "गाणं त्यांचं आहे," हे म्हणत. माझं डोकं फिरायचं. घरात कधी न दिसलेला समजूतदारपणा तिकडे नुसता उतू जायचा.

पुढे त्या जोडीचं बिनसलं. का, ते देव जाणे. दोघं एकत्र गाईनाशी झाली आणि खालच्या वाण्याच्या फोनवर येणारे निरोप थांबले. दुसरीकडून विचारणा होई, पण हे जात नसत. गिटार त्या दोघांच्या चढ्या पट्टीत लावलेली होती, आणि ती दुसऱ्या कुणासाठी उतरवायची नाही, हा यांचा हट्ट. वाजवून झालं की तारा सैल कराव्यात, नाहीतर ताणाने लाकूड वाकतं, हे मला यांनीच सांगितलेलं. पण स्वतः मात्र सैल करीनात.

"अगं, उद्या बोलावलं तर? ताज्या चढवलेल्या तारा लगेच सुरात राहत नाहीत."

तो उद्या काही येईना. वर्षं गेली. एका दुपारी घरात काडकन आवाज झाला. मला वाटलं कुकर उडाला. बघते तर, तारा जिथे अडकवतात तो ब्रिज तारांसकट उखडून आलेला. खोपटच्या एका सुताराकडून यांनी तो चिकटवून आणला आणि पुन्हा त्याच पट्टीत तारा चढवल्या.

"अहो, त्या दोघांना तुमची आठवण तरी आहे का?" मी म्हणाले. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

जोडी पुन्हा एकत्र आली, हे आम्हाला कळलं ते रेडिओवरून. मी भाजी निवडत होते, हे आरामखुर्चीत होते. गाणं जुनंच, पण दोघांनी नव्याने गायलेलं. मधला तुकडा आला तेव्हा मला वाटलं, हेच वाजवताहेत.

"गिटार नाही ती," हे म्हणाले. "कीबोर्ड आहे."

म्हणजे यांना बोलावलंच नव्हतं. कडव्याच्या तोंडाशी एक सूर जरा उशिरा, खालून वर पोचला. ती जागा मला फार आवडायची. यांनी डोळे मिटून घेतले.

"तिथे माझा रॉड घसरला होता. चूक होती ती. बाकी टेक चांगला झाला म्हणून राहू दिली." यांनी डोळे उघडून रेडिओकडे पाहिलं. "अगं, तीसुद्धा घेतली त्यांनी."

मी तोंडाची फटकळ, सगळं ठाणं जाणतं. पण त्या दुपारी मी नुसती भाजी निवडत राहिले. रेडिओवर ती दोघं पुढचं कडवं गात होती आणि, वाईट याचंच वाटतं, फार छान गात होती.