आवाज न करणारा कीबोर्ड

दोस्तहो, माझ्या मेकॅनिकल कीबोर्डला केस, म्हणजे बाहेरचा सांगाडा, प्लास्टिकची घेऊ का धातूची, हे मी मागं इथंच विचारलं होतं. मी लातूरला घरूनच काम करतो आणि शेजारचा गडी रोज भिंत ठोकायचा, "बंद कर तो खडखडाट, डोकं उठायलंय!" तुम्ही म्हणालात, जड ॲल्युमिनियमची घे, आत फोम टाक. घेतली.

आज दुपारी पहिल्यांदा वापरली. लई खूश झालो, काहीच आवाज नाही.

थोड्या वेळात भिंतीवर काहीतरी आदळलं. परत आदळलं. मग त्याच्या बायकोची किंकाळी आली. तो तिचं डोकं आपटत होता.

मी वायर उपटली आणि कीबोर्ड घेऊनच धावलो. दाराला लाथ घातली. त्याच्या एका हातात तिची वेणी, दुसऱ्यात पट्टा. तो पट्टा त्याने माझ्यावर उगारला. मी दोन किलोचा कीबोर्ड त्याच्या मनगटावर हाणला. हाड कडकन मोडलं. खोटं कशाला बोलू, डोक्यात पण घालावा वाटला.

पोलीस त्याला घेऊन गेले. दवाखान्यात कपाळाला टाके घालून घेताना ताई म्हणाली, "भाऊ, तुमचा खडखडाट चालू असला की आमचे हे माझ्यावर हात उगारत नव्हते. आज त्यांना वाटलं, तुम्ही घरी न्हाईत."

तो सुटून येईलच. सगळ्यात जास्त आवाज करणारी केस कोणती, सांगा.