मुकुट डोक्यावर असेपर्यंत

दिनू गेला तेव्हा मी ओटीवर मृदंगाला कणीक लावत होतो. त्याची बायको सुनंदा अंगणात येऊन म्हणाली, "तात्या, हे उठत नाहीत..." हात धुतले, गेलो. पन्नाशीही न गाठलेला माणूस झोपेतच संपला होता. परत आलो आणि उरलेली कणीक लावून पुरी केली. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. हे लिहितोय खरा, पण शाळा मी चौथीत सोडली. लिहिण्यातल्या चुका ज्याला काढायच्या त्याने काढाव्यात. मृदंगात माझी चूक काढणारा अजून जन्मायचाय.

दिनूचे वडील आबा गावोगाव गवळणी-सोंगांचे खेळ करणाऱ्या आमच्या नमन मंडळाचे म्होरके. त्यांनी सातव्या वर्षी दिनूला गवळणीत कृष्ण म्हणून उभा केला. पोराचा गळा असा, की बुरोंडीपासून आंजर्ल्यापर्यंत लोक मंडळाचं नाव विसरले, 'दिनूचं नमन' म्हणायला लागले. बाया तान्ही पोरं त्याच्या पायांवर घालायच्या. आमच्यात रीत अशी, की मुकुट चढला की पोर देव. मग नावानं हाक मारायची नाही, थोरांनीही वाकायचं. आबाही वाकायचे... आणि मुकुट उतरला की सूर कुठे घसरला ते पाठीवर कळायचं. गळ्यासाठी आंबट बंद. वैशाखात पोरं करवंदांनी तोंडं काळी करून यायची, हा पडवीत बसून बघायचा. मी एकदा म्हटलं, "आबा, चार करवंदांनी काय होतंय?" ते म्हणाले, "तू तुझा मृदंग बघ, गळ्याचं मला कळतं." शिमगा येईस्तोवर मी त्यांच्याशी बोललो नाही.

एकदा मुरुडला खेळ संपला. सगळे रंग पुसायला बसले, दिनू मुकुट काढेना. पेंद्या होणारा गणू म्हणाला, "देवा, उतरा आता, चहा निवतोय." दिनू माझ्या कानाशी आला. "तात्या, हा डोक्यावर हाय तवर आबा मारत नाय." गणू हसला. मीही हसलो असेन. टेम्पोत दिनू मुकुटासकट झोपला, आणि आबा समोर बसून होते, हात मांडीवर ठेवून.

पुढे त्याचा आवाज फुटला. मंडळाने दुसरा कृष्ण आणला, मुकुटही नवा केला. जुना आबांनी घरी खुंटीला टांगला. दिनूला म्हणाले, "आता टाळ धर." त्याने टाळ धरला नाही. मुंबईला कॅन्टीनात लागला. आबा थकले तेव्हा बायकोला घेऊन परत आला आणि बापाला रांधून वाढू लागला. करवंद मात्र कधी तोंडात घातलं नाही, आता अडवणारं कोणी नव्हतं तरी. आणि काहीही केलं, दगडांचा गडगा रचला, नुसता चहा दिला, तरी समोरच्याच्या तोंडाकडे बघायचा. "बरं झालंय ना?" मी म्हणायचो, "झालंय रे बाबा, चहाच आहे तो!" पण माझं त्याला पुरायचं नाही. रोज ताट वाढून आबांना विचारायचा, "आबा, बरं झालंय ना?" आबा म्हणायचे, "मीठ बघ." इतक्या वर्षांत दुसरं काही मी ऐकलं नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. आता दिनूच्या जागी सुनंदाने ताट वाढलं. आबा जेवले, ताटातच हात धुतला, आणि म्हणाले, "बरं झालंय."

सुनंदा दारात थांबली. "मी कुठं काय विचारलं, आबा?"

"तुला नाय सांगत," आबा म्हणाले. ते खुंटीवरच्या मुकुटाकडे बघत होते.