सहाशे बारा गाठी

परवा पेपरात दादाचा फोटो आला. इंजिनाच्या झाकणावर कोपर टेकवून उभा, जणू पाळण्यातूनच विमान चालवत आलाय. वर मथळा: घरामागच्या शेडमध्ये बांधलं विमान. खाली कुठेतरी एक ओळ, 'पत्नीची मोलाची साथ लाभली.' आणि बाजूला माझ्यासाठी अख्खा चौकोन, 'मेकॅनिक भावाच्या सतर्कतेमुळे अपघात टळला.'

माझं डोकंच फिरलं. मोलाची साथ म्हणे! ज्या बाईने दोन्ही पंख शिवले, तिने साथ दिली. आणि दादाला वर पाठवायची सगळी तयारी ज्याने स्वतःच्या हातांनी केली, तो मी सतर्क!

वहिनी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. पुढच्या खोलीत तिचं जुनं जड मशीन आहे आणि भिंतीला रेक्झिनच्या गुंडाळ्या टेकवलेल्या. त्या खोलीत तिचा एकच कायदा चालतो: चुकीवर टाका घालायचा नाही. चुकलं की उसवायचं आणि पहिल्यापासून शिवायचं. गिऱ्हाईक दारात उभं राहून घड्याळ बघत असलं तरी. लग्न होऊन आली तेव्हा आम्ही तिला चिडवायचो, 'वहिनी, पोळी करपली तर तीही उसवतेस का?' ती म्हणायची, 'पोळी टाकून देते. तुम्हाला वाढत नाही, हे उपकार समजा.'

दादाने विमान बांधायला काढलं तेव्हा सांगाडा त्याचा, इंजिन आमच्या दोघांचं, आणि पंखांवरचं कापड ओघानेच तिच्याकडे आलं. कापड ताणून प्रत्येक फासळीला दोऱ्याने बांधायचं, हातभर लांब सुई वरून खाली, खालून वर, आणि बोटभर अंतरावर गाठ. एका पंखात सहाशे बारा गाठी. प्रत्येक गाठीला नख लावून ओढून बघायची आणि 'बस इथे' म्हणायची. एक पंख व्हायला चार महिने लागले. दिवसभर मशीन, आणि उरलेल्या वेळात पंख.

मग आला पॉवरशेठ. नाव आम्हीच ठेवलेलं. फ्लाइंग क्लबातला माणूस, बोलायला लागला की हॉर्सपॉवरशिवाय दुसरा विषय नाही. त्याने आमचं इंजिन बघितलं आणि नाक मुरडलं. 'हा डबा कशाला लटकवलाय?'

डबा म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडाशी बसवलेली पत्र्याची पेटी. वैमानिकाने एक दांडी ओढली की सायलेन्सरभोवतीची गरम हवा त्यातून इंजिनात जाते. पॉवरशेठचं म्हणणं, हा डबा हवेची वाट अडवतो. तो काढा, समोरून गुळगुळीत नरसाळं बसवा, वारा थेट आत घ्या. सहा हॉर्सपॉवर जास्त मिळतील.

तीन दिवस आम्ही खल केला. दादाने भाजीचा काटा आणून दोन्ही वस्तू तोलल्या. डबा चौदाशे ग्रॅम, नरसाळं पाचशे. डबा ठेवायचा, नरसाळं लावायचं, की नरसाळ्यालाच गरम हवेची झडप करायची? झडप केली तर वजन परत तिथेच येत होतं. शेवटी दादाने मला विचारलं, 'गरम हवा लागते कशाला?' मी म्हणालो, 'कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?' वीस वर्षं गाड्या दुरुस्त करून कमावलेलं हे माझं ज्ञान! नरसाळं मीच बसवलं. डबा खिळ्याला टांगला.

दुपारी इंजिन असं खणखणीत चालायचं की पॉवरशेठने टाळ्या पिटल्या. आम्ही ते दुपारीच चालवायचो, कारण सकाळी आवाज केला की शेजारी भांडायला यायचे.

मग एका दमट सकाळी, शेजारी गावाला गेलेले, म्हणून आम्ही इंजिन लावलं. मंद चालत असताना दहा मिनिटांत ते खोकायला लागलं आणि बंद पडलं. वहिनी तिथेच पंखाला रंग देत होती. तिने कार्बोरेटरवर हात ठेवला.

'हे एवढं गार का? सगळं इंजिन तापलंय आणि हे माठासारखं गार. ओलंही आहे.'

'पेट्रोलमध्ये कचरा असेल,' मी म्हणालो. फिल्टर काढला, धुतला, लावला. अर्धा तास गेला. इंजिन एका झटक्यात सुरू! दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. मी लाजलोसुद्धा, काय सांगू.

पुढच्या तीन आठवड्यांत हेच आणखी दोनदा झालं. दोन्ही वेळा सकाळ दमट. दोन्ही वेळा मी फिल्टर धुतला, आणि दोन्ही वेळा वहिनी म्हणाली, 'फिल्टर नंतर धुवा. आधी ते नरसाळं काढून आत बघा.' पॉवरशेठ हसला. 'वहिनी, तुम्ही शिवणाचं बघा, हवेचं आम्ही बघतो.' दादाही हसला. मीही हसलो. ते हसू आठवलं की आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिलं उड्डाण रविवारी ठरलं, सकाळी सातला, वारा शांत असतो म्हणून. शनिवारी कसलासा फर्रर्र आवाज ऐकून आम्ही शेडमध्ये धावलो. वहिनी डाव्या पंखाशी उभी. रंगवलेल्या पट्ट्या फाडून एकेक गाठ कापत होती. अर्धा पंख उघडा पडला होता.

दादा ओरडला, 'वेड लागलं का तुला?'

तिने कात्री थांबवली नाही. 'तीन आठवडे सांगतेय. इंजिन तुमचं आहे ना? मग ते घेऊन उडा. पंख माझे आहेत.'

सहाशे बारा. एकही ठेवली नाही. शेवटची गाठ कापली आणि कात्री खिळ्यावरच्या डब्याशेजारी टांगून ती मशीनवर जाऊन बसली.

चार दिवस दादा तिच्याशी बोलला नाही. मी तर पेटलोच होतो. बुधवारी सकाळी धुकं होतं. ठरवलं, आज हिला खोटं पाडायचंच. इंजिन लावलं, मंद ठेवलं. नऊ मिनिटांत खोकलं, बंद पडलं. या वेळी फिल्टरला हात न लावता नरसाळं काढलं.

आत पांढरं होतं. जुन्या फ्रीजच्या कप्प्यात धरतो तसा बर्फ, हवेच्या वाटेत चारी बाजूंनी, मध्ये जेमतेम करंगळी जाईल एवढं भोक. बर्फ धरायला बाहेर थंडी लागतच नव्हती. पेट्रोल उडतानाच ती जागा गारठते आणि दमट हवेतलं पाणी तिथेच थिजतं. आणि दरवेळी मी फिल्टर धुवत बसायचो, तेवढ्यात इंजिनाच्या धगीने तो वितळून जायचा.

मी दादाला हाका मारल्या. तो येईपर्यंत थेंब उरले होते.

'पाणी आहे हे,' तो म्हणाला.

'बर्फ होता, दादा. मी बघितला.'

त्याचा चेहरा उतरला. वळून खिळ्यावरचा डबा काढला आणि म्हणाला, 'लाव परत.'

माझ्या एका शब्दावर विश्वास! पुरावा वितळून गेलेला, हातात फक्त ओलं बोट, तरी मी म्हणालो म्हणून खरं. तिने तीन आठवडे तेच सांगितलं होतं. वहिनी दारात उभी राहून हे बघत होती. ती आत गेली, नवं कापड बेतायला घेतलं.

आणखी चार महिने गेले. विमान उडालं, उतरलं. पेपरवाले आले तेव्हा ती पुढच्या खोलीत कुणाच्या तरी सीटचं कव्हर शिवत होती. तिला कुणी बोलावलं नाही. मीही नाही.

पेपर घेऊन मी तिच्याकडे गेलो. मोठ्याने वाचून दाखवला. तिने मशीन थांबवलं.

'पंख मी उसवला, ते लिहिलंय?'

'नाही.'

'मग भाऊजी, ही बातमी उसवा,' ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा चालू केलं.